निधान, निधान

बेंगळुरूच्या मॅजेस्टिकला बसमधून पाय खाली ठेवला आणि भाचीचा फोन आला, "मामा, समुद्रात उतरलास ना?"

रात्रभर आंबोली, बेळगाव, हुबळी असं घुसळून आलेल्या माणसाला पहाटे असले विनोद कळत नाहीत. मी मालवणचा, समुद्र कुठे आहे आणि कुठे नाही एवढं मला झोपेतही कळतं. इथे तो नव्हता. बसगाड्यांच्या रांगा होत्या, कॉफीची वाफ होती, मोगऱ्याची टोपली पुढ्यात घेऊन वीतभर गजरा मोजणारी बाई होती, आणि नोव्हेंबरातला, कोकणी हाडांना न मानवणारा गारठा होता.

खुलासा घरी गेल्यावर झाला. त्या बसस्थानकाच्या जागी पूर्वी तलाव होता. केंपेगौडांनी बांधला असं सांगतात. नाव धर्मांबुधी. पुढे तो आटला, बुजला, आणि त्याच्या तळावर बसस्थानक उभं राहिलं. त्याला नावही केंपेगौडांचंच दिलं. शेजारच्या रस्त्याला अजून 'टँक बंड रोड' म्हणतात. तलाव गेला, बांधाचं नाव तेवढं राहिलं. केंपांबुधी नावाचा दुसरा तलाव मात्र अजून शहरात आहे. अंबुधी म्हणजे समुद्र. खऱ्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आणि सुमारे ९०० मीटर उंचावर बसलेल्या गावाने पावसाचं पाणी अडवलं आणि त्याला समुद्र म्हटलं. हौस म्हणावी की तहान, कोण जाणे. आमच्याकडे एवढा मोठा समुद्र दाराशी, आणि आम्ही त्याला नुसतं 'दर्या' म्हणून हाक मारतो.

मी आलो होतो भाचीला बोटीवर घालवायला. मर्चंट नेव्हीतल्या माणसाला आमच्याकडे 'बोटीवर असतो' म्हणतात, मग ती बोट पाव किलोमीटर लांबीचा टँकर का असेना. भाची थर्ड मेट आहे, म्हणजे जहाजावरची तिसरी अधिकारी. लग्न करून मल्लेश्वरमला आली. नवरा कन्नड, संगणकावर पोट भरणारा. लग्नानंतरचं तिचं हे पहिलंच काँट्रॅक्ट, सहा महिन्यांचं. जहाज सिंगापूरला धरायचं. तिची आई म्हणजे माझी ताई. ताईच्या गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिला, तेव्हा माहेरचा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. सोबत एक पिशवी दिली होती: आमसुलं, कुळथाचं पीठ आणि पाच प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक घातलेली सुकट. सासर शुद्ध शाकाहारी. ताईचं म्हणणं, पाच पिशव्यांतून वास येत नाही. बसमधल्या शेजाऱ्याचं मत वेगळं असावं. तो तुमकुरूपर्यंत खिडकी उघडी ठेवून थंडीत बसला होता.

निरोप म्हटला की मला मालवणचं बंदर आठवतं. माझ्या लहानपणी मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगरून उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. त्यामुळे एकदा निरोप देऊन भागत नसे. होडीत चढताना एकदा, होडी सुटल्यावर एकदा, माणूस बोटीच्या शिडीवर दिसला की पुन्हा एकदा, भोंगा झाला की आणखी एकदा. मग बोट किल्ल्याआड जाऊन तिचा धूर विरेपर्यंत नुसतंच उभं राहायचं. तोवर रडून झालेलं असे आणि कुणाला तरी चहाची आठवण येई. घरी नियम दोन. 'जातो' म्हणायचं नाही, आणि 'रामदास' बोटीचं नाव काढायचं नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली ती बोट माझ्या जन्माआधीची, पण कुणी बोटीवर निघायचं असलं आणि त्या दिवशी हे नाव कानावर पडलं, की आई उठून चुलीपाशी जाऊन बसायची.

बेंगळुरूला ना धक्का, ना होडी. इथे माणूस बोटीवर कसा घालवतात याचं मला कुतूहल होतं.

मल्लेश्वरम हे १८९८ च्या प्लेगच्या सुमाराला आखून वसवलेलं उपनगर. रस्त्यांना झाडांची नावं: संपिगे रोड म्हणजे चाफ्याचा, मार्गोसा रोड म्हणजे कडुलिंबाचा. चाफे आता मोजकेच उरलेत, पण दाराशी रांगोळी घालायची पद्धत टिकून आहे. पहाटे पाणी शिंपडून ठिपक्यांची रांगोळी, सात वाजता तिच्यावरून स्कूटर, आणि कुणाची तक्रार नाही. भाचीच्या सासरच्या दारात पोचलो तर आतून तीन आवाज एकदम आले, "बन्नि, बन्नि!" आणि चप्पल काढायच्या आत प्रश्न, "तिंडि आय्ता?" नाश्ता झाला का. दुपारी हाच प्रश्न "ऊट आय्ता?" होतो. प्रवास कसा झाला, बस वेळेवर आली का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. आमच्याकडे आधी बसची चौकशी होते, मग एसटी महामंडळाची, मग सरकारची, आणि पाहुण्याला चहा मिळेपर्यंत तो निम्मा निवलेला असतो.

कन्नडमध्ये सासऱ्याला 'माव' म्हणतात आणि मामालाही 'माव'. सूनबाईने हाक मारली की आम्ही दोघेही वळून बघायचो. दोन दिवसांनी आम्ही आळीपाळीने वळायचं ठरवून टाकलं.

पहिल्याच सकाळी भाची मला काडु मल्लेश्वराला घेऊन गेली. काडु म्हणजे रान. रान गेलं, तरी देवाचं नाव तेच. या देवळावरूनच मल्लेश्वरमला नाव पडलं, आणि देऊळ आपल्या एकोजीराजांशी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाशी जोडलेलं आहे. १६६९ सालच्या शिलालेखात त्यांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. महाराज लहानपणी काही काळ इथे होते. पुढे सिंधुदुर्ग बांधणाऱ्या राजाने या नऊशे मीटरांवरून खाली बघताना काय पाहिलं असेल, असा एक पोकळ विचार माझ्या मनात आला आणि मी तो सोडून दिला. समोरच नंदितीर्थ. १९९७ साली मातीखालून निघालेलं. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि पुढे कुंडात जाते. भाचीने कुंडात बोटं बुडवली, ओठांना लावली. म्हणाली, "गोडं." मग हसली. "सहा महिने गोडं पाणी म्हणजे नळाचं."

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर तिच्या जाण्याआधीच्या चौकोनांत निळ्या शाईने काहीबाही लिहिलेलं. मला वाटलं दुधाचा हिशेब. तो निरोपांचा होता. शेजारच्या घरी होळिगे, समोरच्यांकडे बिसिबेळेभात, नवऱ्याच्या ऑफिसातल्यांचं जेवण, बॅडमिंटनवाल्यांची कॉफी, मावससासूकडे ताट. मोजले तर अकरा. आमच्याकडे माणूस निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकदमच येतात, चिवडा खातात, ज्यांनी बंदर सोडून कधी पाणी पाहिलेलं नसतं ते समुद्रात काय काळजी घ्यायची ते सांगतात, आणि हातावर दही पडलं की संपलं. इथे निरोप हप्त्याहप्त्याने फेडतात. सुरुवातीला मला हे जरा अतीच वाटलं. तिसऱ्या जेवणाला पोटानेही तेच मत दिलं.

सुकटीची पिशवी मी पहिल्या रात्री मागच्या गॅलरीत, तुळशीपासून शक्य तितकी लांब टांगली. सकाळी पाहतो तर ती जागेवर नव्हती. सासूबाईंनी ती सहावी पिशवी घालून, वर दोरी बांधून, त्यावर कन्नडमध्ये काहीतरी लिहून सुनेच्या बॅगेशेजारी ठेवली होती. काय लिहिलंय विचारलं. भाचीने वाचलं: "आईकडून." त्या विषयावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकायि परिषे भरते, म्हणजे शेंगदाण्यांची जत्रा. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग: ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या, लाल सालीच्या, तीन दाण्यांच्या. शेतकरी नव्या पिकातल्या पहिल्या शेंगा मोठ्या नंदीला वाहतात. गोष्ट अशी सांगतात की एक बैल रोज शेतातल्या शेंगा खाऊन जायचा, त्याचाच पुढे दगडाचा नंदी झाला. चोरालाच देव करून टाकलं की चोरीचा नैवेद्य होतो. शेतकऱ्यांचं हे शहाणपण मला फार आवडलं. गर्दी अशी की चालायचं नसतं, वाहायचं असतं. कुणाचा कोपर लागला तर तोच मागे वळून म्हणतो, "स्वल्प अड्जस्ट माडि." पुण्यात असा कोपर लागला तर पहिलं वाक्य 'दिसत नाही का?' असतं.

भाचीने दोन शेर भाजक्या शेंगा घेतल्या. विकणारी म्हातारी माप भरून झाल्यावर वर आणखी एक मूठ टाकत होती. भाचीने तिला सांगितलं, या शेंगा जहाजावर जाणार, समुद्रातून. म्हातारीने हातातली मूठ थांबवली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि आणखी दोन मुठी टाकल्या. पैसे आधीच्याच मापाचे घेतले. "आठ ते बाराच्या वॉचवर खाईन," भाची मला म्हणाली. थर्ड मेटचा पहारा सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा. त्या चार तासांत ब्रिजवर ती, सुकाणूवाला किंवा टेहळ्या, आणि पुढे काळोख. कन्नडमध्ये शेंगदाण्याला 'बडवर बादामि' म्हणतात, गरिबाचे बदाम. आपणही तेच म्हणतो. भाषा बदलली तरी गरीब आणि बदाम यांच्यामधलं अंतर सगळीकडे सारखंच.

संध्याकाळी हलसूरु तलावावर गेलो. शहरातल्या मोठ्या तलावांपैकी हा एक, मध्ये बेटं, कडेला मद्रास सॅपर्सचा लष्करी परिसर. आपल्या खडकीला बाँबे सॅपर्स तसे हे. सैन्याच्या इंजिनिअरांचं आणि शिडाच्या होड्यांचं जुनं नातं आहे हे मला भाचीकडून कळलं. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय नौका 'तृष्णा'. १९८५ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाली आणि १९८७ च्या जानेवारीत परतली. नेणारे नौदलाचे नव्हते, लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरचे होते. पुढे २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' नौकेतून एकट्याने फेरी पूर्ण केली. आणि आम्ही तलावाच्या कठड्यावर शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा 'त्रिवेणी' दक्षिण गोलार्धात होती. ११ सप्टेंबर २०२५ ला गेटवे ऑफ इंडियाहून निघालेल्या तिन्ही सेनादलांच्या दहा महिला अधिकारी तिच्यावर, प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. "वरुडकर, दळवी, निकम," भाचीने बोटांवर मोजलं, "तीन आडनावं आपली, मामा."

"तूही सेलिंगलाच जातेस की."

"आमचं कसलं सेलिंग. त्या वाऱ्यावर जातात, आम्ही तेल जाळून."

पण शब्द तोच आहे. तिच्या धंद्यात कुणी "सध्या कुठे?" विचारलं की उत्तर येतं, "सेलिंगवर." जहाजांवरची शिडं जाऊन शंभर वर्षं होत आली, माणसं अजून शब्दाने शीड उभारतात. तिच्यासारख्या थोड्याच. २०२१ च्या मोजणीत जगभरच्या व्यापारी जहाजांवर बायका शंभरात दोनही नव्हत्या. जहाजावर चोवीस-पंचवीस माणसं धरली, तर ती बहुतेक वेळा एकटीच. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेंगेचं टरफल खिशात टाकत, पगाराची तारीख सांगावी तसं सांगितलं.

त्याच रात्री इंदिरानगरात तिच्या मित्रमैत्रिणींनी सेंड-ऑफ दिला. आवाज इतका की कोण काय बोलतंय ते ओठांवरून ओळखायचं. मी पाऊण तासात बाहेर येऊन पदपथावर उभा राहिलो. समोरच्या पाटीवर पत्ता होता: एचएएल सेकंड स्टेज. तेवढ्यावरून वालचंद आठवले. सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन. आणि याच माणसाने १९४० मध्ये बेंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, तो हा एचएएल. जहाजवाला डोंगरावर येऊन विमानं बांधतो, आणि आता जहाजावर जायचं तर इथून विमान धरावं लागतं. आत गाणं बदललं, भाची दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, डोसा खाऊया?" निरोपसमारंभातून उत्सवमूर्तीच पळून आली होती.

घरचं मोठं जेवण शेवटून दुसऱ्या दिवशी झालं. केळीची पानं, डावीकडे मीठ, मग लोणचं, कोसंबरी, पल्य, चित्रान्न. कोसंबरी म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर. नावात आपलीच, चवीत शेजारीण. होळिगे म्हणजे पुरणपोळी, पण पुरण तूरडाळीचं आणि पोळी इतकी पातळ की तुपाच्या धारेने पानाची हिरवी रेघ दिसावी. तिच्याबरोबर ओब्बट्टिन सारु, म्हणजे आपली कटाची आमटी, फक्त आंबटपणा एक पायरी वर. मी नेहमीच्या वेगाने जेवत होतो. कोकणात पंगतीला मागे दुसरी पंगत उभी असते, त्यामुळे हात आपोआप भरभर चालतो. सासूबाई तूप घेऊन आल्या, माझ्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "निधान, निधान."

मराठी कानाला 'निधान' म्हणजे ठेवा, खजिना. मी गोंधळून पानात पाहिलं. भाची हसत सुटली. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. "निधानवागि ऊट माडि," सावकाश जेवा. जेवणारा उठेपर्यंत हे वाक्य यजमान दर पाच मिनिटांनी म्हणत राहतो. मग माझ्या लक्षात आलं की अकरा निरोप कशाला लागतात. मालवणला बोटच सावकाश जायची, आम्हाला वेगळं काही करावं लागत नसे. इथे माणूस विमानतळाच्या काचेच्या दारातून आत गेला की क्षणात नाहीसा होणार. मग धक्क्यावर उभं राहायचा तो सगळा वेळ आधीच, पानावर बसून काढून घेतात.

घरात ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नव्हतं ती होती परत यायची तारीख. कारण २०२० साल. भाची तेव्हा कॅडेट होती. करोनात बंदरांनी दारं लावली आणि जगभरात सुमारे चार लाख खलाशी जहाजांवर अडकले. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सलग अकरा महिन्यांहून जास्त माणसाला जहाजावर ठेवता येत नाही. तिचे चौदा झाले. ताई रोज संध्याकाळी दिवा लावून कॅलेंडरवर फुली मारायची आणि शेवटी कॅलेंडरच संपलं. म्हणून आता सहा महिने म्हणजे कुठला महिना, हे बोटांवर मोजायला कुणी तयार नव्हतं. फक्त शहाऐंशी वर्षांच्या अज्जींनी विचारलं, "बोटीत पाणी येतं का गं?" त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, मल्पेला, लग्नानंतर. "नाही येत, अज्जी." "मग बरं," म्हणून त्या दुधात होळिगे कुस्करू लागल्या.

जेवणानंतर सासूबाईंनी तिला पाटावर बसवून ओटी भरली. कन्नडमध्ये याला मडिलु तुंबणं म्हणतात: तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, गुळाचा खडा. सासरहून माहेरी निघालेल्या सुनेची भरावी तशी. सुनेचं माहेर समुद्र आहे, असं त्यांनी धरून चालवलं असावं. मग माहेरच्या वतीने काहीतरी करायचं म्हणून मी उठलो आणि गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं की मी 'रे महाराजा' म्हटलं की जोरात म्हणायचं, "व्हय महाराजा!"

"बा रामेश्वरा, आज ही तुझी लेक दर्यावर जाता हा. तिची पाठ राख रे महाराजा!"

"वय महाराजा!" मल्लेश्वरमने उत्तर दिलं.

"तिच्या बोटीचा इंजिन बंद पडाक नये, रडारान धोको देवक नये, आणि कंपनीन सा म्हयन्यांचे नव करूक नये रे महाराजा!"

भाचीचा नवरा हे चालता चालता कन्नडमध्ये सांगत होता. शेवटच्या कलमाला "वय महाराजा" इतक्या जोरात आलं की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

मग सासऱ्यांनी खिशातून एक घड्याळ काढलं. गृहस्थ एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात बत्तीस वर्षं होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बेंगळुरूला सुरू झालेला हा कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं. त्याआधीच ते निवृत्त झाले. घड्याळ 'जनता' होतं, किल्लीचं, पांढऱ्या तबकडीचं, पट्टा नवा. जहाज पूर्वेला-पश्चिमेला सरकतं तशी जहाजावरची घड्याळं तासाने पुढे-मागे करतात, दर पंधरा अंशांना एक तास. "हे करायचं नाही," ते म्हणाले, "हे इथल्या वेळेवर ठेवायचं." मग घड्याळ तिच्या तळहातावर ठेवून त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात ती बारीक किल्ली फिरवून दाखवली, शेवटी जिथे अडते तिथे थांबून. "दिना की कोडम्मा. जास्ती बेड." रोज किल्ली दे, जास्त नको. तिच्या मनगटावर आधीच एक महागडं घड्याळ होतं, जीपीएसवालं. तिने ते काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

निघायच्या रात्री गाडीत फारसं कुणी बोललं नाही. देवनहळ्ळीचं दुसरं टर्मिनल आतून बागेसारखं आहे, छतावरून वेली सोडलेल्या, बांबू, धबधबा; बाहेरच्यांना तिकिटाशिवाय ते काचेतूनच बघावं लागतं. सासूबाईंनी शेवटी स्टीलच्या डब्यातून दहीभात दिला. दहीबुत्ती आपणही म्हणतो, पण कन्नडमध्ये बुत्ती म्हणजे प्रवासाची शिदोरी, हे मला तिथे, गाड्यांच्या हॉर्नमध्ये कळलं. तो तिने तिथेच उभ्याने खाल्ला, कारण दही आत नेऊ देतील का, यावर मतभेद होते. ओटीतल्या नारळावरून मात्र मतभेद नव्हते. विमानात तो न्यायचा नाही हे तिला पाठ होतं. तिने तो माझ्याकडे दिला. "मामा, तू ने. मालवणला घाल."

मग ती सासरच्यांना म्हणाली, "होगि बर्तीनि." जाऊन येते. कन्नड माणूस जाणं लपवत नाही. जाणं आणि येणं एकाच श्वासात म्हणतो. माझ्याकडे वळून म्हणाली, "येतंय." मालवणी माणूस जाण्याचा शब्दच गिळतो. सासूबाई म्हणाल्या, "जोपानवागि होगि बा." जोपान म्हणजे जपून, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. काचेचं दार उघडलं, मिटलं. साधारण चाळीस सेकंद ती दिसत होती. मी मोजत नव्हतो, सासऱ्यांनी नंतर सांगितलं.

घरी परतल्यावर झोपायला एक वाजला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सासूबाईंनी केर काढला नाही. माणूस गेल्या गेल्या घर झाडू नये, हे दोन्हीकडे सारखं निघालं.

संध्याकाळी मी पुन्हा मॅजेस्टिकला, धर्मांबुधीच्या तळावर. पिशवीत आता सुकटीच्या जागी नारळ होता आणि शेंगा होत्या. बस सुटल्यावर तुमकुरूच्या आसपास भाचीचा निरोप आला: साइन ऑन झालं, केबिन बरी आहे, चीफ कुक केरळचा आहे आणि सुकट पाहून त्याला गहिवरून आलं. तो आता रविवारी आमसूल घालून करणार म्हणतोय.

नारळ मी दुसऱ्या दिवशी मालवणच्या बंदरावर नेला. हात जोडले, नाव घेतलं, पाण्यात सोडला. तो परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा पायरीला येऊन लागला. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर न करता सांगितलं, "भरती हा. आता खंय जाता तो." मी नारळ मांडीवर घेऊन ओहोटी लागेपर्यंत तिथेच बसून राहिलो.